केसावरची वाटी

सोहनलालनं दलियाचा दुसरा घास घेतला आणि वाटीकडे पाहिलं. वाटी घरातली नव्हती. घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला गुलाबबाईचं नाव होतं. भांडं विकत घेतलं की दुकानातच मशीननं नाव टाकून घ्यायचं, त्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, असा तिचा कायदा होता. तिच्या माहेरहून आलेल्या वाट्यांवर तर तिच्या वडलांचं नाव, गाव, साल सगळं होतं. वाचायला बसलं तर आमटी निवून जावी. ही वाटी पातळ होती, हाताला हलकी लागत होती. त्यानं ती जरा उचलून खालून पाहिली. बूड कोरं होतं.

“ही कुठली?”

रिद्धी, त्याची सून, गॅसपाशी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. “केसावर घेतली,” ती म्हणाली.

“कुणाच्या केसावर?”

“मम्मींच्या. कपाटात वेणी होती ना, पिशवीत. काल ती केसवाली साळुबाई आली होती गल्लीत. दिली तिला.” मग गॅस बारीक करून ती वळली. “मम्मींनीच सांगून ठेवलं होतं, पप्पा. वर्षाच्या आत देऊन टाक म्हणाल्या. मी मनानं नाही दिली.”

त्यानं उरलेला दलिया खाल्ला. घाई केली नाही. वाटीत पाणी घातलं, बोटानं कडा निपटल्या आणि ते पाणी पिऊन टाकलं. पानात काही सोडायचं नाही, धुऊन प्यायचं, ही घरची जुनी रीत. पाणी घशाखाली गेल्यावर त्याला वाटलं की आपण काहीतरी गिळलंय आणि ते आता बाहेर काढता येणार नाही.

जिन्याखालच्या खोलीत टेबलावर ते हेलिकॉप्टर तयार उभं होतं. रंगाचे दोन हात झाले होते, काच बसली होती, पंखा बोटानं टिचकी मारली की फिरत होता. पंखांखाली दोन्ही बाजूंना रॉकेटची नळकांडी होती आणि नाकाखाली बंदूक. फक्त तार राहिली होती. ती आज बसवायची होती. गेल्या पावसाळ्यात गुलाबबाई गेली. तेव्हापासून तो या कामासाठी थांबला होता. पिशवी कपाटात होती, वेणी पिशवीत होती, आणि त्याला नाही म्हणायला आता कुणी नव्हतं. त्यानं घाई केली नव्हती ती यासाठीच. जिंकलेला माणूस घाई करत नाही.

हे खूळ त्याला उतारवयात लागलं. घोडेगावात त्याचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. एकदा ब्रश आणायला पुण्याला रविवार पेठेत गेला असताना शेजारच्या खेळण्यांच्या ठोक दुकानात मोडक्या मालाचं खोकं दिसलं. स्वस्तातली लष्करी हेलिकॉप्टरं, अंग जस्ताचं, पंखे प्लॅस्टिकचे. कुणाची शेपटी तुटलेली, कुणाचं पोट उघडं. रंग असा की कच्च्या कैरीवर तेल ओतावं. दुकानदार म्हणाला, शेठ न्या, माझा कचरा जाईल. सोहनलालनं खोकं आणलं ते मुलाला, अरिहंतला, पुढंमागं पोर झालं तर त्याला होईल म्हणून. पण पोर झालं नाही आणि खोकं तसंच राहिलं, आणि एका दुपारी दुकान बंद असताना त्यानं एक हेलिकॉप्टर उघडलं. पोटाखालची रिव्हेट बारीक ड्रिलनं खाल्ली की अंगाच्या दोन फाका होतात. त्या रिमूव्हरमध्ये टाकल्या की कारखान्याचा रंग पापुद्रा सुटावा तसा सुटतो आणि आतून राखाडी, थंड धातू निघतो. मग कानस, पॉलिश पेपर, प्रायमर. तीन मोडक्यांतून एक धड करायचं. लष्करी हिरवा त्याला लगेच सापडला. आयुष्य रंगात गेलेलं. पिवळ्यात काळा थेंब थेंब सोडायचा. हिरव्या डब्यातून तो रंग कधीच निघत नाही.

तारेनं मात्र त्याला छळलं. खऱ्या लष्करी हेलिकॉप्टरच्या अंगावरून शेपटीकडे एक बारीक तार ताणलेली असते. मोबाइलवर फोटो ताणून ताणून त्यानं ती पाहिली होती. ती नसली की सगळं खेळणंच वाटायचं. शिवणाचा दोरा लावला तर त्याला लव. वायरमधली तांब्याची तार काढली तर तिला एकदा मुरड पडली की जात नाही. मासे धरायची तंगूस आणली, तर ती दोरखंडासारखी दिसली. मग एकदा गुलाबबाई टेबल पुसून गेली आणि ओल्या प्रायमरवर तिचा एक केस चिकटून राहिला. शिवी देण्यासाठी त्यानं तोंड उघडलं होतं. केस चिमटीत धरून खिडकीकडे केला आणि तोंड तसंच राहिलं. नाकापासून शेपटीपर्यंत, सरळ, काळा, दिसेल न दिसेल असा. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

“एक केस दे.”

गुलाबबाई मूग निवडत होती. “कशाला? करणी करताय माझ्यावर?”

“हेलिकॉप्टरला पाहिजे.”

ती हात पुसत खोलीत आली. तोवर तिनं त्याच्या या खेळाकडे पाहिलंही नव्हतं. खाली वाकून ती बघू लागली. “आत हा कोण बसलाय?”

“पायलट.”

“आणि हे खाली काय लटकतंय?”

“रॉकेट.”

“त्यानं काय होतं?”

“माणसं मरतात.”

“जैनाच्या घरात?”

“खेळणं आहे गं.”

“खेळणं असू दे. जोडणारे हात तुमचेच ना?” तिनं खुर्ची ओढली, अंबाडा सोडला आणि केस पुढं घेतले. तेव्हा ते कमरेखाली येत होते. “काढा ती. मग केस देते.”

“एक केस मागतोय मी.”

“मग मी कुठं दोन विमानं मागतेय?”

त्यानं कटर घेतला आणि नळकांडी छाटली. तिनं तळहात पुढं केला, ती त्यावर ठेवून घेतली, आणि मगच एक केस बोटाला गुंडाळून मुळापासून उपटला. कात्री घेतली नाही. झटका दिला तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटले. “घ्या,” ती म्हणाली. “दीक्षा तर मिळाली नाही. लोच तरी होऊ दे.”

हे ती हसत म्हणाली होती. पण ते हसण्यासारखं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. लग्नाआधी तिला साध्वी व्हायचं होतं. गावात चातुर्मासाला आलेल्या साध्वींच्या मागं मागं ती हिंडायची, पायी विहार करायची, लोच म्हणून आपल्या हातानं आपले केस उपटून काढणाऱ्या त्या बायकांकडे तोंडाचा आ करून बघायची. वडलांनी तिचं नाव भांड्यांवर टाकलं आणि तिला सोहनलालच्या घरी पाठवलं. पहिल्या वर्षी एकदा तिनं त्याला हे सांगितलं. त्यानं ते ऐकलं आणि ठेवून दिलं. दुकानात लागेल न लागेल असा माल माणूस ठेवून देतो तसं.

तो सौदा मग चालूच राहिला. हत्यार द्यायचं, केस घ्यायचा. छाटलेली रॉकेटं ती बामच्या रिकाम्या डबीत टाकायची आणि तो दुकानातून वर आला की डबी वाजवून दाखवायची. “तुमचं सैन्य,” म्हणायची. फळीवर हेलिकॉप्टरं वाढत गेली, सगळी लष्करी रंगाची आणि सगळी निःशस्त्र. अरिहंत म्हणायचा, “पप्पा, ही युद्धावर जातात का पंगतीला?” सोहनलालला राग यायचा. राग यायचा आणि तो पुन्हा केस मागायला जायचा. कारण तो झटका. ती ओठ मिटायची तेव्हा त्याला छातीत कुठंतरी बरं वाटायचं. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात ती त्याला कशातच सापडली नव्हती. उपासात नव्हती, सामायिकाच्या ध्यानात नव्हती, अंथरुणातही नव्हती. सगळीकडे ती जरा बाजूला बसलेली असायची, एसटीच्या बाकावर परक्या माणसाशेजारी बसतात तशी. पण त्या झटक्याला ती सापडायची. कधी कधी चांगली बसलेली तार तो मुद्दाम तोडायचा आणि परत जायचा. तिला ते कळायचं.

“याची हत्यारं तर गेली,” ती म्हणायची. “आता काय देता?”

“काही उरलं नाही त्यावर.”

“मग कान धरा.”

आणि साठीकडे झुकलेला, टक्कल पडलेला, आळीत ज्याला सगळे शेठ म्हणतात तो माणूस बंद खोलीत आपले दोन्ही कान धरून बायकोसमोर उभा राहायचा. ती मनमुराद बघून घ्यायची. मग केस उपटून द्यायची. कुणाचा हिशेब जास्त झाला हे त्यांनी कधी बोलून पाहिलं नाही.

पावसाळ्यात केस सैल पडतो. हवा ओली झाली की तो लांबतो. श्रावणात फळीवरच्या सगळ्या हेलिकॉप्टरांच्या तारा पोटात लोंबायच्या, आणि थंडी पडली की सगळ्या एकदम ताठ व्हायच्या. ती गेल्यानंतरच्या पावसात तो फळीसमोर उभा राहिला तेव्हा सगळीकडे ती सैल पडलेली होती. त्या दिवशी त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्यानं बामची डबी एकदा वाजवली आणि परत ठेवली.

आजार पोटातला निघाला. पुण्याला औषधं चढवायची ठरली. केस जाणार, हे डॉक्टर सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. पहिल्या खेपेला निघायच्या आदल्या दिवशी तिनं रिद्धीला बोलावलं, वेणी घट्ट घालायला लावली, दोन्ही टोकांना लाल फीत बांधायला लावली आणि म्हणाली, काप. रिद्धी रडत होती. घरातली कात्री बोथट होती, वेणी दाट होती; कात्री कुरकुरत होती, ऊस तोडताना कोयत्याचा आवाज होतो तसला ओला आवाज. सोहनलाल दारात उभा होता. त्याच्या मनात काय आलं ते त्याला आजही लख्ख आठवतं. लांबी आली. केवढी तरी लांबी. आता मागावं लागणार नाही. बायकोच्या मानेवरचा पांढरा पट्टा, जो इतक्या वर्षांत उन्हानं पाहिला नव्हता, तो समोर दिसत असताना त्याच्या मनात साठा आला. आणि तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिनं साठा बघणारे दुकानदाराचे डोळे लगेच ओळखले.

हे शेवटचं हेलिकॉप्टर त्यानं तेव्हाच हातात घेतलं होतं. बाकीच्यांसारखं ते पोटफुगं नव्हतं. अंगानं अरुंद, दोन माणसं एकामागं एक बसलेली, आणि सगळं अंग हत्यारांसाठीच केलेलं. पुण्याहून गाडीतून आली की ती खाटेवर पडून विचारायची, “काढली का?”

“याची काढली तर राहील काय?”

“राहील ते राहील.”

“नाही काढणार.”

“मग केस नाही.”

तिच्या डोक्यावर तेव्हा एकही केस नव्हता. दोघं हसले. मग ती हसायची थांबली. “कपाटात आहे ना,” ती म्हणाली. “मी गेल्यावर घ्याल. न दिलेलं घेणं म्हणजे काय, माहितीय ना?” त्याला माहीत होतं. चोरी. लहानपणी पाठशाळेत घोकलेलं. नाही घेणार, एवढंच म्हणायचं होतं. ती वाट बघत होती. त्यानं पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला, म्हणजे तिला पुढं बोलता येऊ नये. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. म्हणजे त्याच्याशी बोलली नाही. रिद्धीशी बोलली.

सकाळचा दलिया संपवून उठल्यावर त्यानं वाटी रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि गाडी काढली. दुकानाच्या पायरीवरून अरिहंतनं हाक मारली, “पप्पा, पावसाचं कुठं?” तो म्हणाला, “शिनोलीला. गेणभाऊकडं.” साळुबाईची फेरी कधी कुठं असते ते आळीतल्या बायकांना पाठ असतं, आज शिनोलीचा वार होता. शिनोलीच्या स्टँडवर हॉटेलात गेणभाऊ बसलेलाच होता, डोक्यावर इरल्यासारखी प्लॅस्टिकची पिशवी. डोंगराकडचा भातशेती करणारा माणूस, सोहनलालचं जुनं गिऱ्हाईक.

“या शेठ. वाट चुकला का काय?”

“साळुबाई दिसली का?”

“कोन, केसंवाली? सकाळच्याला व्हती. म्हाळुंग्याला गेली आसंल, तितं बराखीत ऱ्हात्यात त्या. का वो?”

“केस घेऊन गेली.”

गेणभाऊनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग बाकावरच्या बाकीच्यांकडे पाहिलं. “तुमचं? आरं राव! तितं तर कुत्रं आनून वास दिला तरी एक घावायचा न्हाई.”

सगळं हॉटेल हसलं. सोहनलालही हसला; गिऱ्हाइकाच्या चेष्टेला हसायची सवय होती. मग म्हणाला, “घरचे होते. वेणी होती तिची.”

हसणं खाली बसलं. गेणभाऊनं चहाचा ग्लास ठेवला. “वयनींचं व्हय,” तो म्हणाला. “मंग सुनंनं बराबर केलं की. आमची लंकाबाई म्हनती, गेल्याल्या मान्साचं केस घरात ठिवू न्हाई. जीव अडाकतो.” मग जरा थांबून त्यानं विचारलं, “तुमाला कशाला पायजे पर?”

सोहनलालनं गाडीला किक मारली. विमानाला बांधायला, असं उत्तर त्याच्या तोंडात आलं होतं. ते बाहेर कसं ऐकू येईल हे त्यानं ऐकलं आणि गिळलं. परत घोडेगाववरूनच जावं लागलं. दुकानासमोरून जाताना अरिहंतनं हात केला. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. वाटी खिशात मांडीला लागत होती. त्याला वाटत होतं की वेणी ओळखायला काय लागतंय. इतकी वर्षं एकेक केस चिमटीत धरलेला. तिच्या केसाला टोकाकडे एक हलकी लहर होती, त्यामुळे तो कधी पहिल्या खेपेला सरळ बसत नसे. टाचणीचं वजन लावून ताणावा लागायचा. त्याला खोबऱ्याच्या तेलाचा आणि कापराचा वास होता. हजारात ओळखेन, तो मनात म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता आणि त्याला वाटत होतं की तो बायकोला आणायला चाललाय, ती रुसून माहेरी जाऊन बसलीय, आणि या वेळी तिला ओढत आणायचं.

महाळुंगे पडवळच्या बाहेर एकानं कांद्याची रिकामी बराख या बायकांना राहायला दिली होती. जाळीतून ऊन-वारा आत येत होता. साळुबाई गोणपाटावर बसून केस निवडत होती. लांबीप्रमाणं ढीग लावले होते. आणखी दोघी कंगव्यासारख्या खिळ्यांच्या फळीवरून केस ओढून काढत होत्या. पातेली, डबे, वाट्या एका कोपऱ्यात उतरंडीनं रचल्या होत्या.

“घोडेगावची वेणी? रंगवाल्या शेठची?” साळुबाई म्हणाली. “व्हय की. लई दाट व्हती. लाल फीत. म्या म्हन्लं, पोरी, यवड्यावर ताट घे, तांब्या घे. तर न्हाई म्हन्ली. वाटीच पायजे, आनि एकच पायजे. म्या बी घरी यिऊन लई इचार केला, म्हन्लं काय खुळी पोर हाय.”

“ती परत पाहिजे.”

“वेनी?” साळुबाईनं दोघींकडे बघितलं. “वेनी कुटली आता. आली की आदी सोडायची, सोड्याच्या पान्यात टाकायची, मंग ह्यात.” तिनं समोरच्या ढिगाकडे बोट केलं. “लांब समदे ह्यात हायती. घोडेगाव, शिनोली, राजुरी, समदं येकच.”

तो वाकला. मग उकिडवा बसला. ढिगात त्यानं दोन्ही हात घातले. केस थंड होते आणि अजून जरा ओले. त्यानं मूठभर वर काढले आणि नाकाला लावले. सोड्याचा वास आला. दुसरी मूठ काढली, तिलाही सोड्याचा. एक लट त्याला ओळखीची वाटली. त्यानं ती बोटावर घेतली, टोकाची लहर शोधली. लहर होती. शेजारच्या लटीलाही होती. एकेक केस तो खिडकीकडे करायचा तसा जाळीकडे करून बघू लागला, दोन बोटांत ओढून त्याचा ताण बघू लागला. हा नाही. हा असेल. हा तिचाच. मग आणखी एक तिचाच निघाला, आणि तो पांढरा होता, आणि गुलाबबाईचे केस वेणी कापेपर्यंत काळेच होते की ती डाय लावत होती, हे त्याला आठवेना. डाय तोच बाजारातून आणायचा. दर महिन्याला एक पाकीट. की ते रिद्धीच्या आईसाठी जात होतं? त्याला आठवेना. चेहरा आठवला तर त्याभोवती केस बसेनात. फक्त तो पांढरा पट्टा दिसत होता, मानेवरचा.

“शेठ, नवरी बघताय का?” फळीवरची एक जण म्हणाली आणि दुसरीनं पदरात तोंड घातलं.

“गप गं,” साळुबाई म्हणाली. “तुमी वळखू बघताय व्हय? न्हाई वळखायचं. आमच्या ढिगात बाईचं नाव नसतंय, शेठ. लांबी आसती नि वजन आसतंय.”

त्यानं खिशातून रुमाल काढला, वाटी पुढं केली. “ही परत घे. मला थोडे दे यातले.”

साळुबाईनं वाटी हातातही घेतली नाही. “ह्यात जेवला न्हवं तुमी?”

“हो.”

“मंग खरकटी झाली. जेवल्यालं भांडं आमी माघारी घेत न्हाई. आन् तुमाला कितीक पायजे?”

“एक.”

“येक काय?”

“एक केस.”

मग साळुबाईनं ढिगातून हाताला आला तो एक लांब केस ओढला, झटकला आणि त्याच्यापुढं धरला. “न्या,” ती म्हणाली. “येका केसाला काय घिऊ तुमच्याकडनं? फुकट न्या.”

फुकट. कुणी तळहात पुढं केला नाही, कुणी ओठ मिटले नाहीत. त्यानं केस रुमालात घडी करून ठेवला आणि वाटी दुसऱ्या खिशात.

घरी आला तेव्हा उजेड उतरायला लागला होता. चातुर्मासात तो दिवस मावळल्यावर खात नाही. रिद्धी म्हणाली, “पप्पा, पान वाढते, दिवस जाईल.” तो म्हणाला, “थांब,” आणि जिन्याखालच्या खोलीत गेला. केस रुमालातून काढून टेबलावर ठेवला. फेविक्विकचा एक थेंब टाचणीच्या टोकानं नाकामागं ठेवला, केसाचं टोक त्यात दाबलं, सुकू दिलं. दुसरं टोक शेपटीवरून खाली सोडलं आणि वजनासाठी टाचणी शोधू लागला. टाचणी घेऊन वळला तर केस ताणलेला होता. वजनाशिवाय. लहर नव्हती, सैलपणा नव्हता, बाहेर एवढी ओल असूनही. तो पट्टीनं मारलेल्या रेघेसारखा पडला होता. त्यानं दुसरा थेंब लावला, उरलेलं टोक ब्लेडनं कापलं. पहिल्याच खेपेला बसला. आजवर एकही असा बसला नव्हता.

तो वाट बघत राहिला. काहीतरी यायला हवं होतं. हरल्याचं, निदान चुटपुटीचं. रॉकेटं जागेवर होती, बंदूक जागेवर होती, तार ताठ होती, आणि ती तार गुलाबबाईची नव्हती, म्हणजे तो जिंकला नव्हता. हे सगळं त्यानं मनात नीट मांडून पाहिलं. पण आलं ते वेगळंच. खांदे हलके झाले. कुणाचाही चालला असता. इतकी वर्षं कुणाचाही चालला असता. गल्लीतून केसवाली जात होती, तिच्याकडून मूठभर घेतले असते तर एकही रॉकेट छाटावं लागलं नसतं, कान धरावे लागले नसते. मग त्या खोलीत ते दोघं काय करत होते, असा प्रश्न समोर आला. त्यानं तो वापरलेल्या पॉलिश पेपरसारखा बाजूला ठेवला. फळीवरच्या तारा सगळ्या लोंबत होत्या. मधोमध त्यानं नवं हेलिकॉप्टर ठेवलं. डबीला हात लावला नाही.

रिद्धीनं पान वाढलं. त्यानं खिशातली वाटी काढून पानाशेजारी ठेवली. ती तिनं विसळली आणि तिच्यातच आमटी वाढली.

“मिळाली?” तिनं हळूच विचारलं.

“मिळाला.”

“मम्मींचा?”

“केस आहे. बसला.”

ती पळी हातात धरून उभी राहिली. “मम्मी अजून एक म्हणाल्या होत्या,” ती म्हणाली. “मी सकाळी सांगितलं नाही. म्हणाल्या, ती वाटी त्यांनाच दे. जन्मभर माझ्या नावात जेवले, आता बिननावाच्यात जेवू दे.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.”

त्यानं भाकरी कुस्करली, वाटी ओतून घेतली, जेवला. आमटी चांगली झाली होती. हलकी वाटी उचलायला सोपी होती. अर्धं जेवण झाल्यावर त्यानं मान वर केली आणि सुनेकडे पाहिलं. सकाळी न्हालेली होती ती. केस जाड, सरळ, कुठं लहर नाही. ओढणीखालून कमरेपर्यंत आलेले. ती अजून रडत होती आणि तो कुठं बघतोय ते तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं ओढणी पुढं ओढली.

“विंचरताना निघतात ते काय करतेस?” त्यानं विचारलं.

“टाकते.”

“टाकू नको. ठेवत जा.”

रिद्धी भिंतीपर्यंत मागं सरली. पळीतली आमटी फरशीवर ठिबकली.

“वाटी पाहिजे असली तर सांग,” सोहनलाल म्हणाला. “आणून देईन. नाव टाकून, तुझं.”

मग त्यानं वाटीत पाणी घातलं, बोटानं कडा निपटल्या आणि पिऊन टाकलं.